नांगर, ट्रॅक्टर आणि माळावरचे पाहुणे

शरद ऋतू आला म्हणजे आपण शहरवासी मंडळी कोजागरीचे चांदणे, दसऱ्याचे सोने आणि दिवाळीचा फराळ यांचा विचार करू लागतो. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त शरदाचे वर्णन आरंभिले ते काशाच्या, म्हणजे कास नावाच्या उंच गवताच्या शुभ्र फुलांपासून, आणि तेव्हापासून आपल्या काव्यात हा ऋतू प्रसन्नतेचा व विश्रांतीचा मानला गेला आहे. परंतु सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग या अवर्षणग्रस्त टापूतील शेतकऱ्यास विचाराल, तर वर्षातील सर्वांत धावपळीचे दिवस हेच, असे तो सांगेल. येथले मुख्य पीक रब्बीची ज्वारी. ती परतीच्या पावसावर, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या सुमारास पेरावयाची. पाऊस पडून गेल्यावर जमीन पाय रुतावा इतकी ओली राहिलेली नाही आणि बी उगवू नये इतकी कोरडीही झालेली नाही, अशी जी मधली अवस्था येते, तिला शेतकरी वाफसा म्हणतो. हा वाफसा मोजके दिवस टिकतो. तेवढ्यात जो पेरील त्याच्या घरी फाल्गुनात कणसे येतील. जो चुकेल त्याने पुढच्या वर्षाची वाट पाहावी.

या थोड्या दिवसांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय काय पालटले, याचा थोडासा इतिहास आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तह उभे राहतात. पण नांगर बदलला, तो दुरुस्त करणारा हात बदलला, आणि नांगरामागून चालणारे पक्षी बदलले, हाही इतिहासच आहे. आणि त्याची नोंद बखरीत होत नाही, म्हणून ती कोणी तरी बोलून ठेवावी लागते.

प्रथम जुन्या नांगराकडे पाहू. दख्खनच्या काळ्या जमिनीतला नांगर हा बाभळीच्या लाकडाचा, जड आणि बोजड असे. सुताराने लाकूड तासावे, लोहाराने फाळ शेवटावा, आणि दोघांनीही खळ्यावर धान्याच्या रूपाने आपले बलुते घ्यावे, ही गावगाड्याची रीत होती. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तिच्यात खोल नांगर चालवावयाचा तर तीन-चार बैलजोड्या लागत, आणि इतके बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून शेजाऱ्याशेजाऱ्यांनी बैल एकत्र करून वारंगुळा करावा, किंवा इरजीक घालून साऱ्या आळीने एकाचे शेत एका दिवशी उरकावे आणि त्याने सर्वांस जेवू घालावे, अशी पद्धत पडली होती. तरीही नांगरट दरसाल होत नसे. काही वर्षांनी एकदा नांगर आणि एरवी कुळवाच्या पाळ्या, असेच चाले. जमीन वरवर खरवडली जाई. तिच्या पोटात हरळी आणि कुंदा या गवतांची मुळे तशीच राहत, आणि शेताच्या बांधापलीकडे माळ तर अस्पर्शच राही.

ही स्थिती पालटण्यास आरंभ केला तो एका शिक्षकाने, हे सांगताना मला, मीही त्याच पेशातला असल्यामुळे, थोडा अभिमान वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. पुढे त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान चालविले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. तो घेण्यास शेतकरी धजेनात. लोखंडाने जमिनीत विष उतरते, पिके करपतात, अशी समजूत होती. नांगर दुकानात पडून राहिले आणि पहिले गिऱ्हाईक मिळण्यास बराच काळ गेला. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी जागा दिल्यावर कुंडलनजीकच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही जागा निवडुंगाने भरलेली आणि सापांची वस्ती असलेली होती. नांगराचा कारखाना उभारण्यासाठी पहिल्याने साफ करावा लागला तो एक माळच, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. कारण माझ्या आजच्या कथेत माळ पुन्हा पुन्हा येणार आहे.

लोखंडी नांगराने माती नुसती फाडली नाही, तर उलथून टाकली. हरळीची मुळे उन्हात पडून वाळू लागली. शेतकऱ्यास त्याचा गुण कळला, आणि पुढील पिढीत तोच नांगर घरोघरी गेला. पण त्यास ओढणारे बैलच होते, आणि दुसऱ्या बाजूने जमिनीचे तुकडे पडत चालले होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. त्या गावी १७७१ साली सरासरी ४० एकर असलेले खातेदाराचे क्षेत्र १९१४-१५ साली ७ एकरांवर आले होते. आज त्याच पिंपळे सौदागरात आपल्यापैकी कित्येक श्रोते उंच इमारतींतील सदनिकांत बसून हे भाषण ऐकत असतील. त्यांच्या वाहनतळाखाली कोणाचा तरी सात एकरांचा तुकडा आहे.

आता ट्रॅक्टरकडे वळू. १८९२ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात जॉन फ्रोलिक याने पेट्रोलच्या इंजिनावर पुढे-मागे चालणारे शेतीचे यंत्र बनविले. १९१७ साली हेन्री फोर्डने ‘फोर्डसन’ ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर काढण्यास सुरुवात केली. पण या यंत्रांत एक मोठा दोष होता. नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने किंवा दांड्याने बांधलेला असे. तो खडकास अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि चालक खाली चिरडण्याचा धोका असे. हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या यंत्रज्ञाने नांगर तीन ठिकाणी जोडून तो तेलाच्या दाबाने वर-खाली करण्याची युक्ती काढली. त्यामुळे नांगराचा ओढा यंत्रास खाली दाबून धरू लागला, आणि हलके यंत्रही जड काम करू लागले. १९४६ पासून दहा वर्षांत त्याच्या करड्या रंगाच्या लहान ट्रॅक्टरची पाच लाखांवर यंत्रे इंग्लंडात तयार झाली. आज आपल्या गावात दिसणाऱ्या बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे हीच तीन टोकांची जोडणी आहे.

आपल्या देशात १९५१ साली सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते, ते १९६१ साली एकतीस हजार झाले. त्यांतील पुष्कळसे परदेशी. १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र मंडळींच्या भागीदारीने मुंबईस इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर खेड्यात कर्ज पोहोचू लागले. अलीकडील वर्षांत तर आपल्या देशात दरसाल आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार होतात. मात्र त्याच काळात महाराष्ट्रातील सरासरी शेतजमीन १९७०-७१ सालच्या ४.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ साली १.३४ हेक्टरांवर आली. यंत्र वाढत गेले आणि वावर आखडत गेले. म्हणून आमच्या खेड्यांत ट्रॅक्टर बहुधा एकाचा असतो आणि दहाजण तो भाड्याने बोलावतात. पूर्वीच्या वारंगुळ्याची जागा तासाच्या भाड्याने घेतली. जेवणाची पंगत तेवढी राहून गेली.

ट्रॅक्टर आला, पण तो बिघडतो, ही गोष्ट विक्रीच्या जाहिरातीत कोणी छापीत नसे. बैल आजारी पडला तर तो आपल्या डोळ्यांनी सांगतो. यंत्र काही सांगत नाही. आणि ते बिघडते नेमके शरदात, कारण उन्हाळ्यानंतर पावसाळाभर गोठ्याच्या कोपऱ्यात उभे राहिलेले यंत्र वाफसा येताच अहोरात्र जुंपले जाते. अशा वेळी तालुक्याच्या गावाहून कंपनीचा माणूस येईपर्यंत वाफसा उडून जावयाचा. या अडचणीतून खेड्यात एक नवा बलुतेदार जन्मास आला. त्याचे नाव मिस्त्री. तो बहुधा लोहाराचा किंवा सुताराचा मुलगा. त्याच्याजवळ पाने, हातोडी, ग्रीसचा डबा आणि वडिलांचा भाता. आमच्या दक्षिण महाराष्ट्रात विहिरींवर तेलाची इंजिने बैलमोटांची जागा घेऊ लागली होती. त्या इंजिनांवर ज्यांचे हात बसले, तेच पुढे ट्रॅक्टर उघडू लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरीत म्हादबा मेस्त्रींसारख्या, शाळा फारशी न पाहिलेल्या कारागिरांनी इंजिने घडविली, हे सर्वश्रुत आहे. परंतु प्रत्येक दहा-पंधरा गावांत असा एखादा लहानसा म्हादबा होता, आणि त्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

अशा एका मिस्त्रीची हकीकत सांगतो. १९८१ साली सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात मी नवखा शिक्षक होतो. गावचे एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सारे गाव तात्या म्हणे, त्यांनी ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले. त्या कर्जाचा अर्ज माझ्या हस्ताक्षरातला. ‘अर्जदाराच्या मालकीचा पडीक माळ लागवडीखाली आणावयाचा असून’ असे वाक्य मी त्यात मोठ्या ऐटीने घातले होते. १९७२ चा दुष्काळ त्या गावाने पाहिला होता. खडी फोडून पोट भरलेल्या माणसांना आणखी दहा एकर ज्वारी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नवरात्रातली ती सकाळ. माळाचा मोठा भाग उन्हाळ्यातच फोडून झाला होता; त्यावर पाळी घालून पेरणी करावयाची, आणि उरलेला एकरभर गवताचा पट्टा जाता जाता मोडून टाकावयाचा, असा बेत होता. पट्ट्याच्या कडेशीच ट्रॅक्टरने दोन आचके दिले आणि तो बंद पडला. सुट्टीचा दिवस असल्यामुळे मी तेथे होतो. तात्या कपाळाला हात लावून बांधावर बसले. “गुरुजी, वाफसा उडाला तर पेर गेली बघा,” एवढेच ते बोलले.

मिस्त्री सायकलवरून आला. वय पंचविसाच्या आत. त्याने टाकीत काठी घालून डिझेल पाहिले, नळीवरून बोट फिरविले आणि म्हणाला, “तात्या, गाडीनं एअर घेतलीय.” मला ते कळेना. तेव्हा हातातले काम न सोडता त्याने जे सांगितले, ते मी पुढे कितीतरी वर्षे वर्गात सांगत आलो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. आता तेलाच्या नळीतच हवा शिरली, तर पंपाचा दाब त्या हवेलाच दाबण्यात खर्च होतो. फवारा उडत नाही. म्हणून फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारीत, बुडबुडे निघून निव्वळ तेल येईपर्यंत वाट पाहावयाची. पण हवा शिरली कोठून? फिल्टरच्या जोडाखालचे तांब्याचे वायसर दबून दबून कडक झाले होते, आणि त्याच्या फटीतून गळती होती. नवे वायसर तालुक्याला. तालुका सात कोस.

त्या मुलाने वायसर काढून खिशात टाकले आणि तो सायकलवर बसला. “बाच्या भट्टीवर जाऊन येतो,” म्हणाला. तासाभराने परत आला तेव्हा ते वायसर नव्यासारखे मऊ झालेले होते. मी विचारले तेव्हा तो हसला. “लाल करायचं अन् पाण्यात टाकायचं, गुरुजी. पोलाद असं केलं तर ताठतं; तांबं मऊ पडतं.” पदार्थविज्ञानाचे पुस्तक मी शाळेत शिकलो होतो, परंतु एकाच पाण्यात एक धातू कठीण होतो आणि दुसरा नरम, हे मला त्या दिवशी लोहाराच्या पोराने शिकविले. वायसर बसले, बुडबुडे निघाले, नोझलच्या नळ्यांचे आटे आवळले गेले, आणि दोन प्रयत्नांत इंजिन धडधडू लागले. दुरुस्तीचे मोल त्याने काय घेतले असेल? खळ्यावर ज्वारीच्या दोन पायल्या. बलुत्याची सवय अजून गेली नव्हती.

परंतु मी ही हकीकत सांगतो आहे ती केवळ या दुरुस्तीसाठी नव्हे. तो भट्टीवर गेला होता त्या तासाभरात आम्ही बांधावर स्वस्थ बसलो होतो, आणि यंत्र बंद असल्यामुळे माळ बोलू लागला होता. आपण शहरात राहून ज्यास ओसाड म्हणतो, त्या माळावर शरदात केवढी वर्दळ असते! पावसाळ्यातले गवत पिवळे पडू लागलेले असते आणि त्यात नाकतोड्यांचे पेव फुटलेले असते. त्यांच्यावर नजर ठेवून भोवत्या नावाचा सडपातळ ससाणा जमिनीपासून हातभर उंचीवरून तरंगत जातो. हा पाहुणा मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून, हजारो कोसांवरून, याच दिवसांत येथे उतरतो आणि रात्री गवतातच जमिनीवर निजतो. ओलसर ढेकळांवर शेपटी हलवीत परीट फिरतो, तोही हिमालयाकडचा. तारेवर तास पक्षी बसलेला असतो. त्यालाच नीलपंख किंवा चास म्हणतात, आणि उत्तरेकडे दसऱ्यास त्याचे दर्शन शुभ मानितात. नांगराने किडे वर आले की तो निळ्या ज्योतीसारखा झेप घेतो. दूरवर काळविटांचा कळप कान टवकारून उभा असतो. आणखी पंधरवड्याने आकाशात करकोच्यांच्या माळा दिसू लागतात. ते हिमालय ओलांडून येतात आणि तलावांच्या काठी उतरतात. हे सारे मी त्या तासात पाहिले असे नाही, परंतु त्या पाच-सहा वर्षांत त्याच बांधावरून पाहिले.

त्या सकाळी मात्र पाहिले ते निराळेच. न मोडलेल्या पट्ट्यातील गवत हलले आणि त्यातून एक मोठा पक्षी सावकाश चालत बाहेर आला. कमरेइतका उंच, मान पांढुरकी, पाठ भुरी, चाल एखाद्या घरंदाज वृद्धेसारखी. मागोमाग एक पिल्लू. तात्या हळूच म्हणाले, “माळढोक हाय, गुरुजी. हलू नका.” आम्ही हललो नाही. ती मादी नाकतोडे टिपीत पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, पिल्लू तिच्या मागे धावत राहिले, आणि ती पुन्हा गवतात दिसेनाशी झाली.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एवढी एकच गोष्ट त्याच्या साऱ्या दुर्दैवाचा उलगडा करण्यास पुरेशी आहे. ज्याचा वंश जमिनीवरच्या एका अंड्यावर अवलंबून, त्याला न मोडलेली जमीन हवी. आमच्या त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिळून, सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे माळढोक अभयारण्य सरकारने १९७९ साली जाहीर केले होते. नान्नज हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण. परंतु आमच्या बांधावर ती वार्ता पोहोचलेली नव्हती. पोहोचली असती तरी वाफशाच्या दिवशी ती कोणी ऐकली असती असे मला वाटत नाही.

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर चालकाने पट्ट्याकडे तोंड वळविले. तात्यांनी हात वर केला. “ते ऱ्हाऊ दे यंदा. लेकुरवाळी हाय ती,” म्हणाले. एकरभर जमीन त्या वर्षी पेरली गेली नाही. ज्या माणसाच्या डोक्यावर बँकेचे हप्ते होते, त्याने एका पक्ष्यासाठी एकराची ज्वारी सोडली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेतकऱ्यास निसर्गाची कदर नाही असे जे म्हणतात, त्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

परंतु ‘यंदा’ हा शब्द पुढल्या वर्षी टिकला नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या. तो पट्टा धाकट्याच्या वाट्यास गेला आणि त्याने तो मोडला. त्यात त्याचा दोष काय? त्याच्या मुलांची शिक्षणे त्याच मातीतून निघाली. त्यांतील दोघे माझेच विद्यार्थी. पुढे पाणी आले, ज्वारीच्या जागी ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकास पुढचे नीट दिसत नाही. त्याचे डोळे बाजूस असतात, आणि जड अंगामुळे त्याला तारेपुढे चटकन वळता येत नाही. कित्येक पक्षी तारांवर आपटून मेले आहेत. शिकार, मोकाट कुत्री, माळांवर लावलेली झाडे, ही कारणेही आहेतच. म्हणून सारे पाप ट्रॅक्टरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आज जगात माळढोक उरले ते दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, असा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक राजस्थानच्या वाळवंटी भागात. तेथे जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे. नान्नजच्या माळावर काळवीट, लांडगे आणि भोवत्ये अजून दिसतात. ज्याच्या नावाने ते अभयारण्य झाले तो पक्षी मात्र तेथे दृष्टीस पडणे ही आता बातमी होते.

या ठिकाणी मला आरंभी सांगितलेल्या कास गवताकडे परत यावेसे वाटते. ज्या फुलांनी कविकुलगुरूचा शरद नटला, तेच गवत मध्य भारतातील शेतकऱ्याचे हाडवैरी होते. त्याची मुळे इतकी खोल जात की बैलांच्या नांगरास ती दाद देत नसत, आणि लाखो एकर जमीन त्याने व्यापली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने ट्रॅक्टरांचे एक खास पथक उभारून हे गवत उपटण्याची मोहीम काढली. तिच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने १९४९ साली एक कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले. आपल्या देशास त्या बँकेने दिलेले हे दुसरेच कर्ज. अन्नधान्याची टंचाई पाहता ते योग्यच होते. पण त्याच गवताची दुसरी बाजू ऐका. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड परंतु नाजूक उसाचा संकर या रानटी कासाशी केला, आणि १९१८ साली ‘को. २०५’ ही काटक जात दिली. आज आपल्या साखर कारखान्यांत गाळला जाणारा ऊस त्याच वंशपरंपरेतला आहे. एका हाताने आपण ज्याला उपटीत होतो, त्याचेच रक्त दुसऱ्या हाताने आपल्या उसात घालीत होतो! निरुपयोगी म्हणून ज्याकडे पाहिले, त्याचा उपयोग आपणांस ठाऊक नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि येथेच मला माझ्या त्या अर्जातला शब्द बोचतो. ‘पडीक.’ आमच्या मुलकी दप्तरात ज्या जमिनीवर पीक नाही ती पडीक, ज्यावर सारा नाही ती पोटखराब. धनगराच्या दृष्टीने ते कुरण होते, माळढोकाच्या दृष्टीने ते घर होते, भोवत्याच्या दृष्टीने ती हिवाळ्याची धर्मशाळा होती. दप्तरात मात्र त्याला एकच रकाना. भाषेचा शिक्षक असूनही मी तो शब्द विचार न करता लिहिला. आपण ज्या वस्तूस जे नाव देतो, तीच गती पुढे तिला प्राप्त होते, हे मला फार उशिरा कळले. सोलापूरचे सुपुत्र मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानात हिंडून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २०२५ साली ते गेले. त्यांच्या त्या कार्याचे मोल मला आता अधिक वाटते. कारण नाव असलेली वस्तू नाहीशी झाली तर निदान कोणाला तरी चुकल्यासारखे होते.

माझा तो मिस्त्री आज साठीच्या घरात आहे. नव्या ट्रॅक्टरांत संगणकाची यंत्रणा आली आहे. ती उघडण्यास कंपनीचे उपकरण लागते आणि त्याचा पाना तेथे चालत नाही. तरी जुनी यंत्रे अजून त्याच्याच दारात येतात. गेल्या खंडेनवमीस मी त्याच्याकडे गेलो होतो. पाने, हातोडी, वडिलांचा जुना भाता आणि दारातला एक चाक काढलेला ट्रॅक्टर, सर्वांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. बोलता बोलता त्याने आपण होऊन विचारले, “गुरुजी, ती पिल्लावाली माळढोक आठवते का? मी भट्टीवर होतो, माझी चुकली. पुन्हा कधी दिसलीच नाही.” ज्याच्या हातांनी त्या दिवशी पेरणी वाचली, त्याच्या मनात चव्वेचाळीस वर्षे ही रुखरुख होती, हे मला ठाऊक नव्हते.

श्रोतेहो, नांगर मागे घ्या असे मी म्हणणार नाही. ते म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यास नाही. तात्यांनी मात्र एकराचा पट्टा एक वर्ष राखला. एका शेतकऱ्यास जे एक वर्ष साधले, ते साऱ्या समाजास, त्या शेतकऱ्याचे नुकसान भरून देऊन, कायमचे का साधू नये? येत्या शरदात पंढरपूर-सोलापूरच्या रस्त्याने आपण जाल तेव्हा खिडकीतून पिवळा माळ दिसेल. त्यास ओसाड म्हणू नका. मुलांना तेथे घटकाभर उतरवा आणि गाडीचे इंजिन बंद करा. कदाचित एखादा भोवत्या दिसेल. आणि काहीच दिसले नाही, तर काय दिसत असे ते त्यांना सांगा.